जुना पब्जी

पब्जी मोबाइल जगभर आला तो १९ मार्च २०१८ ला. आमच्या असोद्यात तो असा एका तारखेला आला नाही. ज्याच्या घरात ज्या दिवशी दोन जीबी रॅमचा फोन आला, त्या दिवशी त्याच्यापुरता पब्जी आला. कुणाकडे बारावीच्या सुट्टीत, कुणाकडे कापूस विकल्यावर, कुणाकडे मोठ्या भावाचा पुण्यात पहिला पगार झाल्यावर. म्हणून 'तू कधीपासून खेळतोस?' असं विचारलं की आमच्याकडे साल सांगत नाहीत, फोनचं मॉडेल सांगतात. 'रेडमी नोट फोर होता ना, तवापासून.'

तोच गेम आज बीजीएमआय या नावाने चालू आहे. ग्राफिक्स चांगले झालेत, नकाशे वाढलेत, फोनही तापत नाहीत. तरी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी मेसेज पडतोच : 'जुना पब्जी पाहिजे होता रे भो.' त्याखाली दहा-बारा जण हो-हो करतात आणि विषय संपतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नवीन व्हर्जन बिघडलं तर जुनं परत आणून बसवणं, हे माझं नेहमीचं काम. त्यामुळे या मेसेजकडे मी आधी तांत्रिक मागणी म्हणूनच बघायचो. जुना म्हणजे नेमका कुठला? कुठलं व्हर्जन? आणि ते परत दिलं तर ही मंडळी खूश होतील का? या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर गेमच्याही थोडं मागे जावं लागतं.

आधी नेट आलं

ट्रायची आकडेवारी बघा. २०१४ मध्ये भारतात एक जीबी डेटाला सरासरी २६९ रुपये पडत होते. २०१८ मध्ये तोच आकडा ११ रुपये ७८ पैशांवर आला. या दोन आकड्यांच्या मध्ये ५ सप्टेंबर २०१६ ही तारीख आहे. त्या दिवशी जिओ सुरू झालं आणि मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट मिळाला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो.

त्याआधी आमच्याकडे मोबाइलवर काही बघायचं म्हणजे जळगावला जाऊन मेमरी कार्ड भरून आणायचं. दुकानदार कॉम्प्युटरला कार्ड लावून गाणी, पिक्चर, गेम सगळं टाकून द्यायचा. एकत्र खेळायचा गेम होता मिनी मिलिशिया. तो आवडायचं कारण साधं होतं : त्याला नेट लागायचं नाही. एकाने हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी जोडायचं. फक्त सगळ्यांनी एका खोलीत नाहीतर एका ओट्यावर बसायला हवं. पुढे पब्जीमुळे देशभर माहीत झालेला मुंबईचा मॉर्टल, म्हणजे नमन माथुर, यानेही यूट्यूबवर सुरुवात मिनी मिलिशियाच्या व्हिडिओंनीच केली होती.

२०१८ उजाडेपर्यंत १४९ रुपयांत २८ दिवस, रोज दीड जीबी, असे पॅक आले. हा दीड जीबी रात्री बारा वाजता संपायचा आणि पुन्हा भरायचा, त्यामुळे न वापरलेला डेटा म्हणजे वाया गेलेला डेटा. अशा वेळी पब्जी आला. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेतल्या किंवा कोरियातल्या मुलासाठी पब्जी हा आणखी एक ऑनलाइन गेम होता, त्याच्या मागे पंधरा-वीस वर्षांचा अनुभव होता. आमच्या गावातल्या बहुतेकांसाठी तो पहिलाच होता. गेमचे पहिले दिवस आणि नेटचे पहिले दिवस आमच्याकडे एकातच मिसळलेत. आज आठवणीत ते वेगळे काढता येत नाहीत.

गाव एकदाच डाउनलोड करायचं

गेमचा जन्म मात्र फार लांबचा. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाने आधी दुसऱ्यांच्या गेममध्ये फेरफार करून 'शेवटी एकच उरेल' हा प्रकार तयार केला. कल्पना २००० सालच्या 'बॅटल रोयाल' या जपानी सिनेमावरून सुचली होती. त्याचं ऑनलाइन टोपणनाव होतं 'प्लेअरअननोन', तेच पुढे गेमच्या नावात शिरलं. दक्षिण कोरियातल्या ब्लूहोल कंपनीने त्याला बोलावून घेतलं आणि मार्च २०१७ मध्ये कॉम्प्युटरवरचा पब्जी आला. त्यातल्या पहिल्या बेटाला ग्रीनने आपल्या मुलीच्या, एरिनच्या, नावावरून नाव दिलं : एरँगल. आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद. मोबाइलवरचा अवतार चीनच्या टेन्सेंटने तयार केला.

तो असोद्यात पोचायचा कसा? अर्ध्या तासाच्या मॅचला डेटा फारसा लागत नसे. खरा खर्च होता गेम उतरवण्याचा आणि दर अपडेटचा. एका दिवसाचा बराचसा कोटा त्यातच जायचा आणि संध्याकाळी टॉवरवर एवढी गर्दी की डाउनलोड ९० टक्क्यांवर अडकून बसायचं. मग त्यावर तोड निघाली. जळगावला कॉलेजला जाणारा एखादा जण तिथे गेम उतरवून घ्यायचा. संध्याकाळी गावात आला की शेअरइट नाहीतर झेंडर उघडायचा आणि एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या फोनमधून तिसऱ्याच्या, असा प्रसाद वाटल्यासारखा गेम फिरायचा. एपीके वेगळी, ओबीबी फाइल वेगळी, ती कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची, हे दहावी नापास झालेल्या पोरालाही पाठ होतं. त्या वर्षी आमच्या गल्लीत फाइल सिस्टिम म्हणजे काय हे जेवढ्या जणांना समजलं, तेवढं आमच्या वर्गातही समजलं नसेल.

खेळायची जागा म्हणजे धाबं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : खानदेशात जुन्या घरांच्या मातीच्या सपाट छताला धाबं म्हणतात. वर चढलं की दोन काड्या जास्त रेंज मिळायची. मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, त्यामुळे दिवसा खेळायला बसलं की वीस मिनिटांत फोन हातात धरवत नसे. ओल्या फडक्यावर फोन ठेवून थंड करणं, मॅच चालू असताना मागचं कव्हर काढून फुंकर मारणं, हे सगळं आम्ही केलंय. म्हणून खरा खेळ रात्री. जेवण झालं की चौघं धाब्यावर, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक : 'कुठी उतरतो रे भो?'

सगळ्यांचं पिंग सारखंच वाईट

आमच्या चौघांत मी इंजिनिअरिंगला, दुसरा आयटीआयला, तिसरा कॉमर्सला आणि चौथा वडिलांबरोबर केळीच्या बागेत. चौथा सगळ्यात चांगला खेळायचा. त्याला आवाजावरून दिशा कळायची. रात्री बाऱ्यावर पाणी भरायला जाणाऱ्या माणसाचा कान असतो तो, असं तो स्वतःच म्हणायचा.

त्या दिवसांत कुणालाच काही माहीत नव्हतं. हे वाक्य मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. कुठल्या बंदुकीला कुठली गोळी लागते, निळ्या झोनमध्ये किती वेळ टिकता येतं, पाठीला लावलेला तवा खरंच गोळी अडवतो का (अडवतो), हे एकाने मरून शोधायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. यूट्यूबवर व्हिडिओ होते, पण तेव्हा आम्ही ते शिकायला नाही, करमणुकीला बघायचो. अर्धी माहिती चुकीचीच असायची आणि तीही खात्रीने सांगितली जायची. एकाने ठासून सांगितलं होतं की झोपून राहिलं की समोरच्याला आपण दिसतच नाही. आम्ही दोन आठवडे झोपून खेळलो.

तरी आम्ही जिंकायचो! पहिल्याच आठवड्यात चिकन डिनर. ज्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही अशा पोरांनीही 'विनर विनर चिकन डिनर'चा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला होता.

यामागचं कारण मला नंतर कळलं आणि ते जरा दुखलंच. मोबाइलच्या पब्जीत खालच्या पातळीवर समोर येणारे बरेच 'खेळाडू' माणसं नसायचेच. ते बॉट होते, प्रोग्रामने चालणारे. ते सरळ रेषेत धावत यायचे, नेम चुकवायचे आणि मरायचे. नव्या माणसाने पहिल्या दिवशी कंटाळून गेम काढून टाकू नये म्हणून केलेली ही सोय. इंजिनिअर म्हणून मला ती पटते. आमच्या पराक्रमाच्या कथांतले निम्मे शत्रू मात्र त्यामुळे बाद होतात.

मग गंमत कशात होती? गेमचं ग्राफिक्स तेव्हा वाईट होतं. गाडी दगडावर चढून उलटायची. पिंग दोनशे-तीनशे, म्हणजे बटण दाबल्यावर गोळी सुटायला इतका वेळ की समोरचा भिंतीआड गेलेला असायचा. पण ते चौघांचंही तसंच होतं. चौघांचे फोन सारखेच हळू, चौघांचा डेटा सारखाच तोकडा, चौघांची माहिती सारखीच अर्धवट. इंजिनिअरिंगवाला आणि केळीच्या बागेतला यांच्यात दिवसभर जे अंतर असायचं, ते धाब्यावर दोन तास पुसलं जायचं. तिथे ज्याचा कान तिखट तो पुढारी.

मग सगळेच हुशार झाले

हा काळ वर्षभरसुद्धा टिकला नाही. मे २०१८ मध्ये मिरामार आला, सप्टेंबरमध्ये सॅनहॉक, डिसेंबरमध्ये विकेंडी. जूनमध्ये रॉयल पास आला : ६०० यूसी, म्हणजे साडेसातशे-आठशे रुपये. आमच्याकडे ही दोन-तीन दिवसांची शेतमजुरी. पास घेतल्याने गोळी जास्त लागत नव्हती, पण कपडे वेगळे दिसायचे. लॉबीत चौघं शेजारी उभे राहिले की कुणाकडे पैसे आहेत हे आता दिसायला लागलं.

मग खेळ मोठा झाला. मार्च २०१९ मध्ये हैदराबादला पब्जी मोबाइल इंडिया सिरीजची अंतिम फेरी झाली, एकूण बक्षीस एक कोटीचं, आणि मॉर्टलच्या सोल संघाने ती जिंकली. त्याआधी २९ जानेवारीला दिल्लीत 'परीक्षा पे चर्चा'मध्ये एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार केली तेव्हा पंतप्रधानांनी 'ये पबजी वाला है क्या?' असं विचारलं आणि सभागृह हसलं. गावातल्या ज्या घरांना तोवर नाव माहीत नव्हतं त्यांनाही त्या रात्री ते कळलं.

घरच्यांची भीती उगाच नव्हती. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रुळांजवळ पब्जी खेळत असलेले दोन तरुण रेल्वेखाली सापडून गेले. त्याच महिन्यात राजकोटमध्ये पोलिसांनी बंदी घालून खेळणाऱ्या मुलांना अटक केली. मुंबई उच्च न्यायालयात तर एका अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाने बंदीची याचिका गेली होती. आमच्या गल्लीतही फोन लपवले गेले, एक-दोन आपटले गेले, परीक्षेत विषय राहिले. 'जुना पब्जी' म्हणून उसासे टाकताना हे विसरायची आपल्याला सवय आहे. ज्यांची ती वर्षं खरंच वाया गेली ती मुलं अशा ग्रुपवर मेसेज टाकत नाहीत, म्हणून आठवण गोड वाटते.

एक अपडेट, एक बंदी

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्याला, चाकणला गेलेले सगळे गावात परतले आणि काही महिने धाबं पुन्हा भरलं. २९ जूनला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. बातम्या टिकटॉकच्या झाल्या, पण त्या यादीत शेअरइट आणि झेंडरही होते. गावात गेम ज्या वाटेने फिरायचा ती वाट आधी बंद झाली. २ सप्टेंबरला आणखी ११८ ॲपची यादी आली आणि तीत पब्जी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतासाठीची सेवा थांबली. सेन्सर टॉवरच्या अंदाजाप्रमाणे तोवर भारतात तो साडेसतरा कोटी वेळा डाउनलोड झाला होता, जगातल्या एकूण डाउनलोडच्या जवळपास चौथा हिस्सा.

या तारखांमध्ये अडकलेली आणखी एक तारीख मला जास्त महत्त्वाची वाटते. बंदीनंतर सहाच दिवसांनी, ८ सप्टेंबर २०२० ला, गेमचं १.० व्हर्जन आलं आणि त्यात एरँगल नव्याने बांधून काढलं होतं. घरं, झाडं, पाणी, सगळं बदललं. म्हणजे जुनं एरँगल आमच्यासाठी बंदीने गेलं आणि जगासाठी त्याच आठवड्यात अपडेटने गेलं. बंदी नसती तरी ते उरणार नव्हतं.

पुस्तकाची नवी आवृत्ती आली तरी जुनी कपाटात राहते. कॅसेट, सीडीचंही तसंच. घरात व्हाइस सिटीची सीडी असेल तर तो गेम आजही २००२ सालचाच आहे. ऑनलाइन गेमचं तसं नसतं. तुमच्या फोनमध्ये असतो तो फक्त दर्शनी भाग. कोण कुठे आहे, गोळी लागली की नाही, हे सर्व्हर ठरवतो. सर्व्हर पुढे सरकला की जुनी एपीके म्हणजे किल्ली आहे पण घर पाडलंय, अशी गत. बीजीएमआय २ जुलै २०२१ ला आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून काढला गेला, २९ मे २०२३ ला परत सुरू झाला. आला तो दरवेळी नवाच.

जुनं परत दिलं तर?

जगात हा प्रयोग झालाय. रूनस्केप या २००१ पासून चालणाऱ्या गेमच्या खेळाडूंनी जुन्यासाठी इतका हट्ट धरला की कंपनीने ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून फेब्रुवारी २०१३ मध्ये जुना गेम वेगळा उघडला. तो आजही जोरात चालतो, पण नवे भाग जोडत जोडत. म्हणजे तोही आता २००७ चा राहिलेला नाही.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यातला रॅग्नारोस हा राक्षस पहिल्यांदा मारायला जगभरच्या खेळाडूंना एप्रिल २००५ उजाडला, म्हणजे पाच महिने. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने तोच जुना गेम 'क्लासिक' म्हणून पुन्हा उघडला. या वेळी रॅग्नारोस आठवड्याच्या आत मेला. जागा तीच, राक्षस तोच. फरक एवढाच की या वेळी आलेल्या लोकांना सगळं पाठ होतं.

ग्रुपवरच्या मेसेजचं उत्तर मला इथे मिळालं. कंपनीकडे बॅकअप असतो तो नकाशाचा, कोडचा, आकड्यांचा. खेळाडूंच्या नवखेपणाचा बॅकअप कुठेच नसतो. मे २०२४ मध्ये कॉम्प्युटरवरच्या पब्जीने थोड्या दिवसांसाठी जुनं एरँगल परत आणलं होतं, लोक खूश झाले, आणि पुन्हा आपापल्या कामाला लागले. उद्या आमच्या फोनवर २०१८ चं व्हर्जन आलं तर आम्हीही पहिल्या मॅचला हरखू. दुसऱ्या मॅचला आमच्यातला कॉमर्सवाला सांगेल की अमुक घरात तमुक बंदूक मिळते, आणि मजा तिथेच संपेल.

'जुना पब्जी पाहिजे' हा मेसेज ग्रुपवर बहुतेक वेळा चौथाच टाकतो, केळीच्या बागेतला. आता आम्ही तिघं पुण्याकडे आहोत. फायबरचं कनेक्शन, नव्वद फ्रेमचा फोन, पिंग तीस. त्याचं अजूनही संध्याकाळी दोनशेच्या घरात असतं. त्याचा कान अजून तिखट आहे, पण त्याला पाऊल ऐकू येईपर्यंत गोळी लागलेली असते. आम्ही जुनं म्हणून आठवतो ते आमचं वय. तो आठवतो तो काळ, जेव्हा सगळ्यांचंच पिंग वाईट होतं. दोन्ही मेसेज वाचताना सारखेच दिसतात.

नोंद

असोदा बहुतेकांना माहीत आहे ते बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून. १८८० मध्ये त्या इथे जन्मल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना रचलेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. टिपल्या गेल्या नसत्या तर त्या ओव्या त्यांच्याबरोबरच संपल्या असत्या. त्या ओव्यांशी गेमची तुलना कुणी करू नये, मीही करत नाही. टिपून ठेवायचं काम तेवढं मी त्यातून उचललंय.

एरँगलच्या नकाशावर गावांची नावं रशियन वळणाची आहेत. ती आमच्या तोंडात कधी बसली नाहीत, म्हणून धाब्यावर आम्ही आमची नावं पाडली होती. ती कुठल्याच सर्व्हरवर नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो. स्कूलला आम्ही झेडपी म्हणायचो. मायल्टा पॉवर म्हणजे दीपनगर, कारण भुसावळचं औष्णिक वीज केंद्र दीपनगरला आहे. मिलिटरी बेसकडे जाणारा पूल म्हणजे तापीचा पूल. जमिनीखालचा शेल्टर म्हणजे पेव. फार्म म्हणजे मळा. पोचिंकी तेवढं पोचिंकीच राहिलं, त्याला दुसरं नाव सुचलं नाही.

तुमच्या गल्लीतही अशी नावं असतील. धुळ्याला वेगळी, चोपड्याला वेगळी, सांगलीला आणखी वेगळी. लिहून ठेवा. पुढच्या अपडेटमध्ये ती येणार नाहीत.